पोटातलं गेलं, त्यानंतरची काळजी: गावात राहणाऱ्यांनी काय तयारी ठेवावी?

खाडीकाठची

नमस्कार. वर्षभर इथे नुसती वाचते आहे, लिहायची पहिलीच वेळ. लांबेल, सांभाळून घ्या.

मी राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहते. नवरा मुंबईला नोकरीत. इथे मी, सासूबाई आणि चार वर्षांची लेक. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पाळी चुकली, घरच्या टेस्टवर दोन रेघा आल्या. आम्हाला दुसरं मूल हवंच होतं. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेले. डॉक्टर पडद्याकडे बघत गप्प झाले तेव्हाच मला कळलं. वाढ सातव्या आठवड्यातच थांबली होती, ठोके नव्हते. आठ दिवसांनी परत सोनोग्राफी केली, तेच. "पिशवी साफ करून टाकू, उद्या उपाशीपोटी या," एवढंच मला सांगितलं. मी विचारलं, आपोआप पडेपर्यंत थांबता येतं का? तर म्हणाले, थांबा हवं तर. काय होईल, किती रक्त जाईल, कधी घाबरायचं, यातलं काहीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. डोळ्यांसमोर काही दिसतच नव्हतं.

मी थांबले. लावणी सुरू होती, घरात माणसांची ये-जा होती, कुणाला कळू द्यायचं नव्हतं. सहाव्या दिवशी रात्री पोटात कळा सुरू झाल्या आणि मग रक्त. त्या दिवशी राजापुरात पाणी भरलेलं, जवाहर चौक पाण्याखाली, आमच्याकडे लाईट नाही, मोबाईलला रेंज येते-जाते. पहिला तास मला वाटलं, असंच असतं. दुसऱ्या तासाला पॅड बदलून होत नव्हतं तोवर परत भरत होतं. सासूबाई बॅटरी धरून उभ्या होत्या. त्यांनीच शेजारच्या मुलाला उठवलं, त्याने पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे जाऊन १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका वळसा घेऊन आली. रुग्णालयात पोचेपर्यंत मला भोवळ येत होती. अर्धवट पडलं होतं, उरलेलं काढावं लागलं.

तिथल्या एका सिस्टरने मला तीनदा विचारलं, "गोळ्या कुठून घेतल्यास?" मी घेतल्याच नव्हत्या. नंतर मला बाळंतिणींच्या खोलीत ठेवलं. रात्रभर बाजूची बाळं रडत होती.

घरी आल्यावर काय? बाळंतपण असतं तर सव्वा महिना कुणी पाण्याची कळशी उचलू दिली नसती. इथे तिसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "आता मोकळी झालीस, लावणीला येशील ना?" तिच्या मनात वाईट नव्हतं. तिच्या लेखी काही झालंच नव्हतं.

मला हे सगळं एका जागी हवं आहे: थांबायचं असेल तर घरात काय तयारी ठेवायची, कधी निघायचं, आणि नंतर शरीराची, मनाची काळजी कशी घ्यायची. शहरात दहा मिनिटांवर हॉस्पिटल असतं. आपल्याकडे मधे खाडी असते, घाटी असते, पाऊस असतो. डॉक्टर, सिस्टर, ज्यांच्यावर हे गुदरलंय अशा बायका, कृपया लिहा. नाव सांगायची गरज नाही.

कोकमसार

वाचून हात थरथरले. माझं अकराव्या आठवड्यात गेलं होतं, गुहागरला माहेरी होते तेव्हा. आईने कुणाला सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. सात वर्षं झाली. आज पहिल्यांदा लिहिते आहे. धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. बाकी काही सुचत नाही.

खाडीकाठची

कोकमसार, लिहिलंस तेच खूप आहे.

एक विचारायचं राहिलं. सोनोग्राफीच्या आधी पंधरा दिवस मी स्कूटीवरून रोज लेकीला अंगणवाडीत सोडत होते आणि आमचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. त्यामुळे झालं का? खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

ओपीडीनंतर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गात काम करते. आधी स्कूटीचं.

नाही. तुमच्या स्कूटीमुळे झालेलं नाही. माहीत असलेल्या गर्भारपणांपैकी साधारण शंभरातली दहा ते पंधरा पहिल्या काही महिन्यांत आपोआप जातात. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. ते गर्भ राहतो त्याच दिवसांत ठरून गेलेलं असतं. खड्डे, कळशी, जिना, पपई, नवऱ्याशी जवळीक, भांडण, कुणाची नजर, यांतलं काहीही त्याला कारण नसतं. तुमचा गर्भ सातव्या आठवड्यात थांबला होता आणि तुम्हाला कळलं नवव्यात. मधले पंधरा दिवस तुम्ही पलंगावर झोपून काढले असते तरी तेच झालं असतं. एकदा असं झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं गर्भारपण नीट पार पडतं. दोन-तीनदा लागोपाठ झालं तर मात्र तपासण्या करायच्या: थायरॉईड, साखर, रक्त गोठण्याच्या काही चाचण्या, गर्भपिशवीचा आकार.

आता तुम्हाला जे सांगायला हवं होतं ते. ठोके थांबले आहेत हे पक्कं झाल्यावर तीन वाटा असतात आणि बाईची तब्येत ठीक असेल तर निवड तिची असते. एक, वाट बघणं, साधारण एक ते दोन आठवडे. दुसरी, गोळ्या. तिसरी, सक्शन, म्हणजे नळीने आतलं ओढून घेणं. ते पाच-दहा मिनिटांचं काम असतं. वाट बघण्यात चूक काही नाही. तुमच्या बाबतीत चुकलं ते असं की तुमचं घर हॉस्पिटलपासून किती लांब आहे हे कुणी विचारलंच नाही. माझी पेशंट आचऱ्याच्या खाडीपलीकडून येत असेल आणि जुलै महिना असेल तर मी तिला स्पष्ट सांगते: थांबायचं असेल तर तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे राहायला या, नाहीतर दिवस ठरवून सक्शन करू. पाणी चढल्यावर रात्री दोन वाजता ठरवायची ही गोष्ट नाही.

निघायचं कधी? हे कृपया कागदावर लिहून ठेवा. मोठं पॅड पूर्ण भिजतंय, तासाला दोन, आणि असं सलग दोन तास चाललंय, तर तिसऱ्या तासाची वाट बघायची नाही. रस्ता लांबचा असेल तर मी म्हणते पहिल्या तासानंतरच गाडी दारात आणून ठेवा. लिंबाहून मोठ्या गाठी पडत राहिल्या, भोवळ आली, छाती धडधडायला लागली, तर तेव्हाच निघा. ताप १००.४ च्या वर, घाण वासाचा स्राव, पोट कडक होऊन दुखणं हे पुढच्या दिवसांतलं. ही जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत, दिवस काढू नका. आणि रक्त फार नाही पण एका बाजूला भयंकर दुखतंय, खांद्याच्या टोकाशी कळ येतेय, घेरी येतेय, तर गर्भ गर्भपिशवीत न राहता बीजनळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली की रक्त पोटात साठतं, बाहेर दिसत नाही. ते जिवावरचं दुखणं आहे, थेट मोठ्या हॉस्पिटलात.

रक्तगट आधीच माहीत असू द्या. निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. अँटी-डीचं इंजेक्शन (निगेटिव्ह आईच्या पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून देतात ते) लागेल का, हे किती आठवड्यांचं होतं त्यावरून ते ठरवतील. द्यायचं झालं तर शक्यतो ७२ तासांच्या आत देतात.

"पिशवी साफ करू" असं कुणी म्हणालं की एवढंच विचारा: सक्शनने करणार की क्युरेटने खरवडून? जागतिक आरोग्य संघटनेने खरवडण्याची पद्धत बंद करून सक्शन वापरायला सांगितलंय. खरवडण्यात गर्भपिशवीच्या अस्तराला इजा व्हायचा धोका जास्त. हे विचारलं म्हणून कुणी रागावत असेल तर रागावू दे.

आणि ते बाळंतिणींच्या खोलीत ठेवणं. मला लाज वाटली वाचून. आमच्याकडेही खाटा कमी असतात, पण पडदा, कोपरा, दुसरा वॉर्ड, काहीतरी करता येतं. करायला हवं.

खाडीकाठची

डॉक्टर, स्कूटीचं वाचून खूप रडले. वर्षभर ते डोक्यात होतं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग मी उगाच गाऱ्हाणं घातलं गो, देवाला दोष दिला. धन्यवाद म्हणणं थोडं वाटतंय.

देवगडची आजी

नातीकडून टाईप करून घेतेय. माझं वय सत्तरच्या पुढे.

माझं तिसरं असंच गेलं, १९७८ साल. सासूने सांगितलं, पोटातला रवाक नाय, आता कामाक लाग. दुसऱ्या दिवशी मी कुळथाच्या मळणीला होते. चार महिने अंगावर जात होतं, चालताना धाप लागायची. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. आता कळतं, अंगात रक्तच राहिलं नव्हतं.

पण मला माझं नाही सांगायचं. आमच्या वाडीत एक बाई होती, पाच मुलं, नवरा ट्रॉलरवर. सहावं नको होतं. कुणीतरी काडी घालून दिली. आठ दिवस तापाने फणफणली आणि गेली. पाच पोरं आमच्या डोळ्यांसमोर उघडी पडली. नात आता सांगते की तेव्हा कायदा होऊन सहा-सात वर्षं झाली होती, सरकारी दवाखान्यात नीट करून मिळालं असतं. आमका कोणी सांगूक नाय. कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून म्हणते, लिहा. सगळं लिहा.

नवीन सदस्य ४१७

आजींचं वाचून धीर आला म्हणून लिहितेय. हा आयडी आजच काढला आहे.

मी २४ वर्षांची, चिपळूणला नोकरी करते, खोली घेऊन राहते. लग्न झालेलं नाही. पाळी चुकून तीन आठवडे झाले, टेस्ट पॉझिटिव्ह आहे. मला हे पुढे न्यायचं नाही, विचार झाला आहे. दोन मेडिकलवाल्यांनी गोळ्या ठेवतच नाही म्हणून सांगितलं. एकाने वर "लग्नाचा दाखला आण" असंही म्हटलं. मैत्रीण म्हणते मुंबईहून कुरियरने मागवून देते. डॉक्टरकडे गेले तर आई-बाबांची सही लागेल का? पोलिसात जातं का? गावात कळलं तर बाबा सहन करू शकणार नाहीत.

न्यायमंदिरामागे

रत्नागिरीला वकिली करते. ४१७, तुम्ही कोणताही गुन्हा करत नाही आहात, हे आधी मनात पक्कं करा.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. आजी म्हणतात ते बरोबर आहे. २०२१ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. आधी "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" यांचं गर्भनिरोधक साधन फसलं तर, असे शब्द होते. आता "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे आहेत. लग्नाचा दाखला मागणाऱ्याला कायद्याचा काडीचाही आधार नाही. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ते ठरावीक परिस्थितींत: बलात्कार, अल्पवय, गर्भारपणातच नवरा जाणं किंवा घटस्फोट, अपंगत्व, गर्भात व्यंग अशा. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की याही टप्प्यात अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही. चोवीसच्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाईचा जीव वाचवायला तातडीने करावं लागलं तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

सही फक्त तुमची. अठरा पूर्ण झालेल्या बाईला आई-वडिलांची, नवऱ्याची, कुणाचीही सही लागत नाही. विवाहित बायकांनीही हे वाचावं. नवऱ्याला आणा म्हणून परत पाठवतात त्याला कायद्यात जागा नाही. उलट बाईच्या इच्छेविरुद्ध गर्भ पाडायला लावणं हा अतिशय गंभीर गुन्हा आहे. पोलिसांना कळवायचा प्रश्न मुलगी अठराच्या खालची असेल तरच येतो, आणि तिथेही तिचं व पालकाचं म्हणणं असेल तर कळवताना नाव देणं बंधनकारक नाही, हेही त्याच २०२२ च्या निकालात आहे. तुमचं नाव डॉक्टरने बाहेर फोडलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गोंधळ होतो तो गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे. तो वेगळा, १९९४ चा. मुलगा की मुलगी बघणं त्याने बंद केलं आणि ते योग्यच केलं. पण त्याच्या धास्तीने मेडिकलवाले गोळ्या ठेवत नाहीत आणि डॉक्टर बायकांना परत पाठवतात.

खाजगी दवाखाना असेल तर त्याला गर्भपात केंद्राची मान्यता आहे का, विचारा. सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही.

ओपीडीनंतर

४१७, कुरियर नको. गोळ्या वाईट आहेत म्हणून नाही. योग्य वेळी, योग्य प्रमाणात घेतल्या तर त्या शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त बायकांत पूर्ण काम करतात. पण पाकिटात नेमकं काय आहे हे तुम्हाला कळणार नाही आणि त्याहून महत्त्वाचं, गर्भ नळीत असेल तर या गोळ्या काहीच करत नाहीत. रक्त जातं, वाटतं काम झालं, आणि आत नळी फुगत राहते. अंगात तांबी (कॉपर-टी) असेल, रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल, बराच काळ स्टेरॉईड घेत असाल, तरीही या गोळ्यांआधी डॉक्टरने बघायला हवं.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजा. पाळी चुकून तीन आठवडे म्हणजे तुम्ही साधारण सातव्या आठवड्यात आहात. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी करता येतं, म्हणजे वेळ आहे. पण रोज पुढे ढकलू नका. पहिली गोळी गर्भाला टिकवणारं संप्रेरक अडवते. एक-दोन दिवसांनी दुसऱ्या गोळ्या देतात, त्यांनी गर्भपिशवी आकुंचन पावते आणि काही तासांत रक्त सुरू होतं. पाळीपेक्षा जास्त जातं, कळाही जास्त. त्या दिवशी थंडी वाजणं, किंचित ताप, जुलाब हे औषधाचेच परिणाम. दुसऱ्या दिवशीही ताप राहिला तर मात्र फोन करा. दुखण्याला आयबुप्रोफेन चालतं (दमा, अल्सर, किडनीचा त्रास असेल तर विचारून), अ‍ॅस्पिरिन नको. त्या दिवशी खोलीवर एकटं राहू नका, मैत्रिणीला बोलवा. निघायच्या खुणा मी वर लिहिल्यात त्याच.

यामुळे पुढे मूल होत नाही, असं कुणी सांगितलं तर खोटं आहे.

शांत वाचक

खाडीकाठची यांचं दुःख कळतं. पण ज्यांना मूल हवं होतं आणि गेलं, आणि ज्यांना नको होतं, या दोन गोष्टी एकाच धाग्यात आणणं मला बरोबर वाटत नाही. वेगळा धागा काढावा. राग नसावा.

खाडीकाठची

राग नाही. पण मी वर एक गोष्ट लिहिली नव्हती, ती आता लिहिते.

त्या रात्री रुग्णालयात माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. चिऱ्याच्या खाणीवर काम करणारी, इकडची नव्हे, बाहेरून आलेली. तिने कुणाकडून तरी गोळ्या घेतल्या होत्या, चौथ्या महिन्यात. तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. मला सिस्टर "गोळ्या कुठून घेतल्यास" विचारत होती, तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "मी तसली नाही." ती ऐकत होती. पहाटे मला उलटी झाली तर तिनेच सलाईनचा हात सांभाळत उठून मला तांब्या दिला. तिच्याही चादरीवर रक्त, माझ्याही. तिलाही थंडी वाजत होती, मलाही. माझा शब्द मला आजही टोचतो.

म्हणून धागा एकच राहू दे.

कोकमसार

राहू दे. एकच राहू दे.

लोअर परळहून

पुरुष आहे, लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. बायको वेंगुर्ल्याला, मी मुंबईत. तिचं गेलं तेव्हा मी फोनवर "पुढच्या वेळी होईल" एवढंच म्हणालो. गणपतीला गेलो तेव्हा ती माझ्याशी बोललीच नाही. मला वाटायचं हा विषय काढला तर तिला त्रास होईल. तिला वाटायचं मला काही वाटतच नाही. शेवटी ती म्हणाली, तू एक दिवस तरी यायचं होतंस. तुतारी एक्स्प्रेस रात्रीची असते, सकाळी पोचलो असतो. रजा होती माझ्याकडे.

बांधवांनो, जा. काही करता येत नसलं तरी जा.

उपकेंद्रातली

बत्तीस वर्षं एएनएम (उपकेंद्रातली नर्स) होते, आता निवृत्त. नंतरच्या काळजीचं मी लिहिते, कारण ते सगळं घरात घडतं.

रक्त आठ-पंधरा दिवस कमी-कमी होत जातं. तोवर पॅड किंवा धुतलेलं, उन्हात वाळवलेलं सुती कापड. पावसात कापड सुकत नाही, दमट कापड वापरू नका, पॅडच घ्या. आतमध्ये काही घालायचं नाही, कप नाही, धुणं नाही, संबंधही रक्त थांबेपर्यंत नको. आंघोळ रोज करा. बाजूला बसवून आंघोळ न करू देणं, चटईवर निजवणं हे अजून काही घरांत बघते. त्या बाईला तेव्हाच ऊब आणि पलंग हवा असतो.

खाण्यात पथ्य काही नाही. डिंक, आळीव खायची हौस असेल तर खा, पण त्याने गेलेलं रक्त भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या आशाताईकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगाला लागू देत नाही. जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका. तिसऱ्या (शिंपल्या), सुकट, कुळथाची पिठी, नाचणी, शेवग्याचा पाला, आपल्या परसात आणि बाजारात जे आहे तेच चांगलं. ओले मासे "थंड" म्हणून बंद करतात, ते करू नका. हिमोग्लोबिन महिन्याभराने तपासून घ्या.

चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गेलं असेल तर तीन-चार दिवसांनी छातीत दूध येतं. हे कुणी आधी सांगत नाही आणि ती बाई त्या क्षणी मोडून पडते. घट्ट पण न काचणारी ब्रा, गार पाण्याच्या घड्या, दूध पिळून काढायचं नाही, काही दिवसांत आटतं. लाल होऊन ताप आला तर दाखवा.

काम? हलकं घरकाम अंगाला झेपेल तसं. चिखलात ओणवून लावणी, मोठा हंडा, लाकडाचा भारा हे रक्त थांबेपर्यंत आणि चक्कर जाईपर्यंत नको. डॉक्टर सांगतील त्याहून दोन दिवस जास्तच घ्या.

पाळी साधारण चार ते आठ आठवड्यांनी येते. पण दिवस त्याआधीच राहू शकतात, दोन आठवड्यांतसुद्धा. लगेच नको असेल तर उपाय त्याच दिवसापासून. सक्शननंतर तांबी तेव्हाच बसवता येते. अंतराचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, छायाच्या गोळ्या, निरोध, सगळं सरकारी दवाखान्यात फुकट. पुढचं मूल हवं असेल तर शरीर आणि मन दोन्ही तयार झाल्यावर, आणि फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून.

आणि मन. पंधरा दिवस रडू येणं मी दुखणं म्हणणार नाही. पण झोप नाही, जेवण नाही, लेकराकडे बघवत नाही, जगू नये असं वाटतं, असं चाललं तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, फुकट आहे, मराठीत बोलतात.

बावनदी

माझी बहीण काजूच्या कारखान्यात आहे. तिचं गेलं आणि चौथ्या दिवशी कामावर हजर, कारण मुकादम म्हणाला बाळंतपणाची रजा बाळंतिणीला असते. यावर काही आहे का?

न्यायमंदिरामागे

आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच ठेवलेलं होतं आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे: आपोआप गर्भ गेला किंवा कायदेशीर गर्भपात केला, दोन्हींत सहा आठवड्यांची पगारी रजा. त्यातून आजारपण उद्भवलं तर आणखी एक महिना. डॉक्टरचा दाखला जोडून लेखी अर्ज द्यायचा आणि एक प्रत पोच घेऊन आपल्याकडे ठेवायची. ईएसआयमध्ये (कामगार राज्य विम्यात) असेल तर ते तिथून मिळतं. बहिणीला मला व्यक्तिगत निरोप पाठवायला सांगा, अर्ज मी लिहून देते, पैसे नकोत.

देवगडची आजी

सहा आठवडे! नातीकडून दोनदा वाचून घेतलं.

दापोलीकर

एक लहानसं. र. धों. कर्वे आमच्या मुरुडचे, इथेच जन्मले. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा लोकांनी त्यांना काय काय म्हटलं ते सगळ्यांना माहीत आहे. शंभर वर्षं होऊन गेली आणि याच किनाऱ्यावर एका मुलीला लग्नाचा दाखला मागतात. ४१७, काही लागलं तर सांगा. माझी बायको चिपळूणला येऊ शकते, ती तुमच्याबरोबर बसेल.

नवीन सदस्य ४१७

उशिरा लिहितेय. गेले होते. सरकारी रुग्णालयात, मैत्रिणीला घेऊन. सोनोग्राफी झाली, गर्भ गर्भपिशवीतच होता, सात आठवडे. डॉक्टर मॅडमनी कुणाबद्दलही विचारलं नाही, फक्त माझा निर्णय माझाच आहे ना, एवढं विचारलं. फॉर्मवर सही मी केली. गोळ्या घेऊन आता पंधरा दिवस झाले. पहिले पाच तास वाईट होते, मैत्रिणीने गरम पाण्याची पिशवी बदलत ठेवली. निघायच्या खुणांचा कागद भिंतीला लावला होता, गरज पडली नाही.

सगळ्यांचे आभार. दापोलीकर, ताईंना सांगा, त्या फोनवर बोलल्या तेव्हाच निम्मं ओझं उतरलं.

एकच शंका. काल धास्तीने घरी परत टेस्ट केली तर अजून दोन रेघा येतायत. म्हणजे काम झालं नाही का?

ओपीडीनंतर

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. टेस्टमध्ये दिसतं ते गर्भारपणाचं संप्रेरक रक्तातून उतरायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर घरची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. तुम्हाला तपासणीची तारीख दिली असेल त्या दिवशी जा, त्यात गरज वाटली तर सोनोग्राफी करतील. मळमळ, छाती भरून येणं गेलं असेल तर ती चांगली खूण. अजून तसंच वाटत असेल किंवा रक्त नीट गेलंच नसेल तर तारखेची वाट न बघता उद्याच जा.

नवीन सदस्य ४१७

मळमळ गेली आहे. तारीख गुरुवारची आहे. जाते.

खाडीकाठची

वरच्या निघायच्या खुणा मी मोठ्या अक्षरात लिहून काढल्या आणि आमच्या आशाताईला दिल्या, खाली १०८ आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर घालून. ती म्हणाली, पाऊस सुरू व्हायच्या आत सगळ्या वाड्यांत देते. कुणाला आपल्या गावासाठी हवं असेल तर मजकूर मागा, पाठवते.